मावशीनं लस घेतली

लस सक्तीची करावी की नाही, यावर त्या काळात कोल्हापुरात ज्याला त्याला मत होतं, आणि त्यातल्या त्यात माझं मोठ्या आवाजात होतं. करावी. सरसकट करावी. ऐकत नसतील त्यांना धरून आणून टोचावी. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते, त्यामुळं हक्क कुठं संपतो आणि कर्तव्य कुठं सुरू होतं हे मला पाठ आहे. ते मी चहा गाळताना, भाजी निवडताना आणि आमच्या इमारतीचे जिने चढताना, कुणी विचारलेलं नसलं तरी सांगत असे. नवरा म्हणायचा, तुझ्यापेक्षा लस बरी, टोचून गप्प तरी बसते.

सरकारचं म्हणणं असं होतं की सक्ती अजिबात नाही, लस ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे. फक्त घेतली नसेल तर रेल्वेत चढायचं नाही, मॉलमध्ये शिरायचं नाही आणि कारखान्याच्या गेटातून आत पाय टाकायचा नाही. बाकी मर्जी तुमची. मला ही मर्जी फार आवडली होती.

माझं सगळं ठीक चाललं होतं, पण मध्ये मावशी आली.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. गडमुडशिंगी मागं टाकून पुढं गेलं की आत एक लहान गाव आहे, तिथं राहते. गावाचं नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथं जायचं असतं. थोडा ऊस, एक म्हैस आणि एकुलती एक मुलगी. ती लग्न होऊन कागलला दिलेली, जावई तिथल्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला. घरात मावशी आणि काका दोघंच.

गावात लस आली तेव्हा काका पहिल्या रांगेत होते. कसलीही रांग असली तरी ते पहिलेच असत, मग पुढं काय मिळतंय ते नंतर बघत. टोचून आले, दंड दाखवत गल्लीभर फिरले, रात्री व्यवस्थित जेवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात कोसळले ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. मावशी म्हणाली, लस.

"काल सुई टोचली, आज माणूस गेला. तुला आणि काय पुरावा पायजे?"

मी पुरावे दिले की. काकांचं बीपी होतं. गोळ्या आठवण झाली तर घ्यायचे. तंबाखू मात्र न विसरता खायचे. त्यांचे वडीलही असेच अचानक गेले होते. हे सगळं मी बाराव्याच्या जेवणावळीत, पंगतीत, वाढपी भात घेऊन उभा असताना सांगितलं. मावशीनं ऐकून घेतलं आणि वाढप्याला म्हणाली, "हिला आणि आमटी वाड. घसा कोरडा पडला आसंल."

तेव्हापासून आमचं वाजलं. म्हणजे बोलणं बंद नव्हतं, उलट वाढलं. मी दर रविवारी गाडीला किक मारून जायची, भांडायची, जेवायची आणि परत यायची. एकदा मला वाटलं, आज जिंकले. मी म्हटलं, "मावशी, म्हशीला दर वर्षी लाळ-खुरकताची लस देतेस की नाही? तिला विचारतेस? दावं धरून उभी राहतेस ना स्वतः?"

"व्हय. धरतो की."

"मग?"

"म्हशीचा नवरा न्हाय मेला."

यावर नागरिकशास्त्रात काही नाही. मी भाकरी खाल्ली आणि घरी आले.

पुढं गावानंच मनावर घेतलं. शेजारच्या गावात साथीनं बरीच माणसं दगावली होती, त्यामुळं मावशीच्या गावच्या दूध संस्थेनं मीटिंग घेऊन ठरवलं, ज्या घरात लस नाही त्या घरचं दूध डेअरीत घ्यायचं नाही. मला इतका आनंद झाला की मी सेक्रेटरीला फोन करून अभिनंदन केलं. तो बिचारा म्हणाला, "व्हय बाई, पर तुमच्या मावशीबी हायत त्यात." मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. मला तेव्हा हे वाक्य फार शोभून दिसतं असं वाटायचं.

आता म्हशीला मीटिंग कळत नाही. ती दोन्ही वेळा दूध देत राहिली. मावशीनं पहिले दोन दिवस दही लावलं. मग तूप कढवलं. मग खवा आटवायला बसली. रविवारी गेले तर पेढ्यांचं ताटच समोर. मी सक्तीच्या बाजूनं बोलत होते आणि सक्तीचेच पेढे खात होते. पेढे उत्तम झाले होते, खोटं कशाला बोलू?

पुढच्या रविवारी पेढे नव्हते, दही नव्हतं, साधं ताकसुद्धा नव्हतं. मी म्हटलं, म्हैस आटली काय? मावशी म्हणाली, "न्हाय की. झकास हाय." आणि भाकरी थापायला बसली. मला शंका आली म्हणून डेअरीकडं चक्कर टाकली. तर काय, मावशीच्या शेजारणीच्या म्हशीनं एकदम दुप्पट दूध द्यायला सुरुवात केली होती. दोन किटल्या घेऊन शेजारीण रांगेत उभी. एक किटली तिची, दुसरी मावशीची, झाकणाला मावशीनंच बांधलेली सुतळी. सेक्रेटरी दोन्ही किटल्यांचं माप घेत होता आणि विचारत होता, "काय गं, म्हशीला काय घालतीस अलीकडं?"

"सरकी पेंड."

"लागू पडली की."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शेजारीण निघून गेल्यावर मी त्याला धारेवर धरलं. म्हटलं, हे काय चाललंय? नियम केलाय तर पाळा की! तो शांतपणे मशीन पुसत म्हणाला, "पाळलाय की बाई. मावशीचं दूध आम्ही घेत न्हाय. त्या आल्या तर परत पाठवतो. येतच न्हाईत त्या." आणि मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, "नियम करताना समद्यांनी हात वर केला, बाई. पर तिच्या दारावरनं रोज जायाचं यायाचं आमालाच हाय, तुमाला न्हाय."

मी गाडीवर बसून सगळ्या रस्ताभर त्याला उत्तरं देत आले. एकसे एक उत्तरं होती.

जे सरकारला जमलं नाही, डेअरीला जमलं नाही आणि मला तर नाहीच नाही, ते कागलच्या पोरीनं एका फोनवर केलं. तिला दिवस गेले होते, सातवा संपत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय कुणी सांगावं लागत नाही. मावशीनं वर्तमानपत्राच्या कागदात वेखंड बांधून ठेवलं होतं, मऊ लुगडी फाडून दुपटी शिवली होती. पोरगी म्हणाली, "आई, डॉक्टरांनी सांगितलंय, बाळाला हाताळणाऱ्या सगळ्यांची लस झालेली पाहिजे. तुझी झाली तर मी येते. नाहीतर सासरीच बाळंत होते. माझा आग्रह नाही."

आग्रह नाही म्हणे! सरकारकडूनच शिकली असणार.

मला वाटलं, मला म्हशीवरनं ऐकवलं तसं मावशी आता पोरीलाही काहीतरी ऐकवणार. तिनं काही ऐकवलं नाही. तिसऱ्या दिवशी मला फोन. "उद्या येतीस काय गं? टोचून घ्यायची हाय."

मी आनंदानं घरात ओरडलेच. नवऱ्याला म्हटलं, बघितलंस, शेवटी आली लायनीवर. रजा टाकली, राहायच्या तयारीनं कपडे घेतले, कारण लस घेतल्यावर एखादा दिवस अंग दुखतं आणि सेवा करून मला आणखी चार वाक्यं बोलायची होती.

गेले तर घर सारवल्यासारखं लख्ख. मावशी ठेवणीतली इरकल नेसून बसलेली. गोठ्यात चार दिवस पुरेल एवढी वैरण तोडून रचलेली. शेजारीण दारात उभी, आणि मावशी तिला सांगत होती, "मागचा डावा सड जड हाय, जरा दमानं वड. संध्याकाळी उशीर केलास तर लाथ घालती." शेजारीण नुसती मान हलवत होती आणि डोळे पुसत होती. मला कळेना, लस टोचायला चाललोय का काशीला.

मग मावशीनं मला आत नेलं. कपाट उघडलं. दुपटी इथं. वेखंड, जायफळ इथं. डिंकाचे लाडू डब्यात, वरनं फडकं बांधलंय, मुंग्या लागू देऊ नको. पोरीचा गोफ आणि बाळाचे वाळे या पिशवीत, तिच्या सासूच्या हातात द्यायचे न्हाईत, तिच्याच हातात द्यायचे. आणि किल्ली माझ्या मुठीत दाबली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बाई मरायला निघाली होती. लस धोक्याची नाही हे तिला माझं रविवारचं बोलणं ऐकून पटलं वगैरे काही नव्हतं. लस घेतली की माणूस दुसऱ्या दिवशी मरतो, यावर तिचा पहिल्याएवढाच विश्वास होता. तो घेऊनच ती निघाली होती.

इतके दिवस धरून आणून टोचा म्हणत होते, आणि आता कुणी न धरता ती निघाली तर मलाच ते बघवेना. मी म्हटलं, "मावशी, राहू दे. मी बोलते तिच्याशी. कागलला कुणीतरी करेल बाळंतपण, मी जाईन हवं तर."

"तू?" मावशी म्हणाली. "तुला बाळाला न्हाऊ घालता येतंय? तुजी पोरं मीच न्हाऊ घातली."

"पण तुला भीती वाटतेय ना?"

"वाटती की. म्हून काय करू? जगलो तर बाळंतपण करीन. न्हाय जगलो तर तवा तरी ती येईलच न्हवं? कशीबी येऊ दे, येऊ दे एवढंच." आणि चपला घालून बाहेर पडली.

लस प्राथमिक शाळेत देत होते. पहिलीच्या वर्गात, बुटक्या बाकांवर मोठी मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसलेली. सिस्टर म्हणाली, काकू, हात सैल सोडा. मावशीनं डोळे मिटले आणि माझा हात असा आवळला की माझ्या बांगडीचे वळ उठले. टोचून झालं तरी डोळे उघडेना. सिस्टर म्हणाली, झालं की! आता अर्धा तास बसा. मावशी भिंतीवरच्या बाराखडीकडं बघत बसली. मी काहीबाही बोलत होते, ऊस, पाऊस, कागलचे डॉक्टर. ती हूं हूं करत होती. अर्धा तास झाला, घरी आलो, ती जेवली. दंड दुखत होता तेवढाच.

सकाळी जाग आली तेव्हा तिचं अंथरूण रिकामं होतं. तशीच उठून गोठ्यात पळाले, केस मोकळे, पायात काही नाही.

मावशी धार काढत बसली होती. चरवीत फेस आला होता. काढून झालं, तिनं चरवी बाजूला ठेवली, पण उठली नाही. तिथंच बसून राहिली, गुडघ्यावर हात टाकून.

मी म्हटलं, "काय होतंय? चक्कर येतेय?"

"न्हाय. काय बी झालं न्हाय मला."

"मग चांगलंच झालं की!"

"चांगलं झालं?" ती माझ्याकडं बघून म्हणाली. "मग त्यास्नी का झालं?"

इतके महिने याच प्रश्नाचं उत्तर मी तिला देत होते. बीपी, गोळ्या, तंबाखू, सगळं जिभेवर तयार होतं. ती मला बोलूच देईना.

"त्या दिवशी उठल्या उठल्या म्हणालं, छातीत जड वाटतंय. मी म्हटलं, काल सुई टोचलीया, त्याचं आसंल. धार तेवढी काढा, म्हस तटून उभी हाय, मग निजा जावा. चरवी घेऊन गेलं." तिनं पदर तोंडात कोंबला. मग तो काढून म्हणाली, "लशीनं मारलं आसतं तर बरं झालं आसतं गं."

मी तिच्या शेजारी शेणातच बसले. आणि मी, जी सक्तीसाठी अख्ख्या इमारतीशी भांडले होते, ती म्हणाले, "मावशी, लशीनंच झालं असेल. प्रत्येकाच्या अंगाला वेगळी लागते. काकांना नाही सोसली."

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मग माझ्या डोक्यावरनं हात फिरवला, त्याला दुधाचा वास येत होता.

"न्हाय गं," ती म्हणाली. "बरी हाय ती लस. पोरीला फोन लाव. ये म्हणावं."