वैशालीच्या डब्यांतला चुका

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीलाही नाही. आणि सांगायचं तरी कसं? भाजीवरून माणूस इतका खाली उतरतो, हे ऐकून कुणालाही हसूच येईल.

चुका — आपली ती आंबट पालेभाजी. माझी धाकटी जाऊ वैशाली पंचवटीतल्या आमच्या गच्चीवर चुका लावायची. फुटक्या बादल्या, तेलाचे डबे, द्राक्षांचे जुने क्रेट, जे हाताला लागेल त्यात. बी फेकल्यासारखं टाकायची आणि महिन्याभरात पानं अशी जाड, हिरवीगार! बाहेरची पानं खुडली की आतून पुन्हा फुटायची.

मीही लावला होता. नर्सरीतून चांगल्या मातीच्या कुंड्या आणल्या, मोबाईलवर बघून सगळं केलं. बी कुजलं. दुसऱ्यांदा उगवलं ते पिवळं, मरतुकडं. वैशाली म्हणाली, "ताई, पाणी लय होतंय. माझ्यातली रोपं देऊ का?" प्रेमानं म्हणाली. मला मात्र ते झोंबलं.

तरी तेवढ्यावर भागलं असतं. पण त्याच हिवाळ्यात सासूबाईंची केमो सुरू झाली आणि त्यांच्या तोंडाची चवच गेली. बावीस वर्षं मी त्यांना रांधून वाढलं होतं. आता माझं वरण, माझी खिचडी, सगळं ताटात तसंच राहायचं. एक दिवस वैशालीनं चुक्याची पातळ भाजी केली, डाळ-दाणे घालून, वर लसणाची फोडणी. आई वाटीभर जेवल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितली. मग रोजच. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "वैशालीच्या हाताला गुण आहे हो."

आणि माझ्या हाताला? — हे मी कधी विचारलं नाही. नुसती भांडी घासत राहिले.

आई जेवतायत याचा मला आनंद व्हायला हवा होता ना? झाला नाही. खरं सांगते, झाला नाही.

संक्रांतीनंतर वैशाली भावाच्या लग्नाला नांदगावला गेली, आठ दिवसांसाठी. जाताना मला गच्चीवर नेऊन एकेक डबा दाखवला. "ताई, एक दिवसाआड पाणी घाला फक्त. तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त जाते."

तिसऱ्या दुपारी आई झोपल्या होत्या. मी बादलीत खडेमीठ कालवलं — मूठ, दोन मुठी, मग मोजलं नाही — आणि वर जाऊन प्रत्येक डब्यात ओतलं. रागाच्या भरात एकदा झालं असतं तर वेगळं. मी तीन दुपारी ओतलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या, वैशाली यायच्या आत सगळा चुका माना टाकून पडला.

वैशाली आली, गच्चीवर गेली आणि बराच वेळ खाली आलीच नाही. आली तेव्हा तिचे हात मातीनं भरलेले होते. "माझंच काहीतरी चुकलं, ताई. नवीन खत घातलं होतं ना मी, तेच बाधलं." आतून आईंनी माझी बाजू घेतली, "सुनंदानं रोज वर जाऊन पाणी घातलं गं. तिनं काही कमी केलं नाही." मी काय केलं? मी मान डोलावली.

बाजारातून चुका आणला. मीच आणला, मीच शिजवला. आईंनी एक घास घेतला आणि वाटी बाजूला सरकवली. वैशालीनं पुन्हा बी टाकलं, पण त्या मातीत काही उगवेना. मग तिनं माती टाकून दिली, डबे भंगारात घातले.

होळीच्या आधी आई गेल्या. आजारानं गेल्या, डॉक्टर तसंच म्हणाले. पण शेवटचे ते दिवस त्या जवळजवळ उपाशी होत्या, आणि डॉक्टरांना गच्चीवरचं काय माहीत?

वैशाली आता इगतपुरीला असते, भाऊजींची बदली झाली. गेल्या दिवाळीला सगळे जमलो तेव्हा आईंचा विषय निघाला आणि ती रडायलाच लागली. "शेवटी शेवटी एक भाजी मागत होत्या त्या. माझ्या खतापायी तेवढीही त्यांना मिळाली नाही." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मोठी जाऊ म्हणून. मी तिच्या शेजारी सरकले, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "जाऊ दे गं, मुद्दाम केलंस का तू?"