मामांचं प्रस्थान

आमच्या वरच्या मजल्यावरचे मामा घरातून निघतात, तसं चेन्नईच्या अख्ख्या तांबरममध्ये कोणी निघत नसेल. आपण चप्पल घालतो आणि जातो. मामांची तयारी आदल्या दिवशी सुरू होते. राहुकाळ टाळायचा, उजवा पाय आधी टाकायचा, आणि बाहेर पडल्यावर कोणी "कुठे?" विचारलं, तर परत घरात येऊन, बसून, पाणी पिऊन सगळं पहिल्यापासून करायचं. एका लग्नाच्या दिवशी वॉचमनने आपुलकीने "एंगे सार?" विचारलं, दुसऱ्यांदा निघाले तेव्हा इस्त्रीवाल्याने. मामा हॉलवर पोचले तेव्हा खुर्च्या एकावर एक रचणं चाललं होतं. त्यांचं मराठी तंजावरचं, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच मुरलेलं, माझं पुण्याचं. वयाने मोठे असून ते मला अक्का म्हणतात.

गेल्या वर्षी अंबत्तूरच्या त्यांच्या कारखान्याने मामांना चार महिन्यांसाठी जर्मनीला पाठवायचं ठरवलं, एक प्रेस मशीन बसवायला. आजवर त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलं जाऊन आली होती. मामा त्यांना विमानतळावर सोडायला जात. यंदा त्यांची निवृत्ती. आता नाही तर कधीच नाही.

कागदपत्रं अर्थातच माझ्याकडे आली, ऑफिसात मी तेच करते. करारपत्र, विमा, प्रमाणपत्रांची भाषांतरं, सगळं क्रमाने लावलं. फोटोत हसायचं नाही म्हटल्यावर मामा म्हणाले, "कामास बोलावतात की जेलास?"

व्हिसाची वेळ मिळाली सोमवारी सकाळी दहाची, शहरात. सोमवारचा राहुकाळ साडेसात ते नऊ. "सातलाच निघा," मी म्हटलं. "निघतो. प्रस्थानही ठेवतो," मामा म्हणाले. म्हणजे आदल्या दिवशी चांगली वेळ बघून प्रवासातली एखादी वस्तू दुसऱ्याच्या घरी ठेवायची, प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरायचं आणि निघताना ती उचलून पुढे जायचं. रविवारी आमच्या टीव्हीशेजारी एक कापडी पिशवी आली. आत हळदीचे तांदूळ, सुपारी, आणि हलकंसलकं काही ठेवणं बरं नव्हे म्हणून पासपोर्ट.

सोमवारी सातला मामा गेले. आठला फोन. "अक्का, प्रस्थान राहिलं!"

"अहो, आमच्या दारावरून तर गेलात!"

"ते काल निघालं होतं की. मज वाटलं, पुढे गेलं."

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. ही वेळ हुकली असती तर पुढची कधी मिळाली असती कोण जाणे, आणि प्रेस बसवायला दुसराच कोणी गेला असता. मी ऑफिसला कळवलं, पिशवी उचलली, स्टेशन गाठलं. गाडीत पुन्हा फोन, आवाज एकदम खाली. "राहुकाळातच निघालात?"

"निघाले."

"सरी, बरं. तुम्ही पुण्याच्या. तुम्हांस लागत नाही."

व्हिसा कचेरीच्या फाटकाशी मामा घामाघूम उभे होते. आत फक्त त्यांनाच सोडलं, म्हणून पुढचं त्यांनी सांगितलेलं. खिडकीतल्या मुलीने पासपोर्ट उघडला आणि पिवळे तांदूळ तिच्या कीबोर्डवर सांडले. मामांना वाटलं, झालं, संपलं. तिने दाणे वेचले, कागदाच्या पुडीत बांधून परत दिले आणि म्हणाली, "पत्तिरमा पोयिट्टु वांग, सार." जपून जाऊन या.

व्हिसा आला, मामा गेले. मामी वर एकट्याच, म्हणून संध्याकाळची कॉफी आम्ही खाली माझ्याकडे घेतो. परवा मामांचा माझ्या फोनवर फोन आला. यंत्र बसत आलंय, भात मिळतो, लोक चांगले आहेत.

"मग काही अडचण नाही ना?" मी विचारलं.

"नाही अक्का." मग म्हणाले, "सकाळी निघताना आतून दार लावणारं कोणी नाही. मीच लावतो, मीच ओढून पाहतो."

मामी समोरच बसल्या होत्या. मी फोन त्यांच्या हातात दिला आणि कपबशा उचलून आत गेले.