बारा तासांचे सर

सरांचे गुडघे विमानात चढताना कुरकुरतात आणि उतरताना शिव्या देतात, असं हँगरमधला मेकॅनिक म्हणायचा. पण सरांचं खरं नाव पडलं होतं ते वेगळंच: बारा तासांचे सर. नवख्याला विमान एकट्याने उडवायला सोडायचं तर इतर शिक्षक पंधरा-सोळा तास शिकवत बसायचे. सर बारा तासांच्या आत दार उघडून खाली उतरलेले असायचे. तीस वर्षांत हा आकडा त्यांनी जपला होता, लोक मिशी जपतात तसा.

त्या दिवशी मालक हातात कागद फडकवत ऑफिसात आले. मालकांचं प्रत्येक वाक्य ‘म्हणजे कसं आहे’पासून निघायचं आणि बरेचदा तिथेच परत यायचं. तर म्हणजे कसं आहे, विमान खात्याने नव्या नियमांचा मसुदा काढला होता. विद्यार्थ्याला पहिल्यांदा एकटं सोडण्याआधी बाहेरच्या शाळेतल्या परीक्षकाने त्याच्यासोबत उडून बघायचं, त्याची सही झाल्याशिवाय सोडायचं नाही. हरकती शुक्रवारपर्यंत पाठवायच्या होत्या. आपली शाळा तीन विमानांची. परीक्षकाची वाट बघत मुलं बसतील आणि कंटाळून मोठ्या शाळेत जातील, ही मालकांची धास्ती खोटी नव्हती. हरकत सरांच्याच सहीने जायला हवी, कारण सरांच्या शब्दाला वजन आहे, असं म्हणून मालकांनी मुख्य वाक्यही देऊन टाकलं: या शाळेत तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याला तयारीआधी सोडलेलं नाही.

सरांनी मान डोलावली आणि ताईसमोरची खुर्ची ओढली.

ऑफिसातलं टायपिंग, फोन, वेळापत्रक सगळं ताई बघायची. एकोणीस वर्षांपूर्वी ती इथलीच विद्यार्थिनी होती. पहिल्याच एकट्या उड्डाणात उतरताना विमान तीनदा उसळलं, गवतात घुसलं आणि नाकावर उभं राहिलं. ताईच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण ती पुन्हा विमानात बसली नाही. ऑफिसात मात्र बसली. ‘मी जमिनीवरची वैमानिक’ असं नव्या मुलांना ओळख करून देताना स्वतःच सांगायची आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायची.

अपघाताचा अहवाल सरांनी लिहिला होता. ‘विद्यार्थिनीने उतरताना घाईने नियंत्रणाची स्टिक ओढली.’ त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. आदल्या दोन्ही दिवशी ती तसंच करत होती आणि प्रत्येक वेळी सरांच्या हाताने विमान सावरलं होतं, एवढंच लिहायचं राहिलं होतं.

ताईने मालकांचं वाक्य टाइप केलं, वाचलं आणि खुदकन हसली.

“माझं काय करायचं मग? नाही, पण चूक माझीच होती. वाक्य बरोबर आहे.”

दारात मेकॅनिक चहा पीत उभा होता. प्रेक्षक मिळाला की ताईला राहवत नसे. कंट्रोल टॉवरवाल्याचा तोंडात सुपारी ठेवल्यासारखा आवाज, मालकांचं ‘म्हणजे कसं आहे’, सगळे तिच्या घशात भाड्याने राहायचे. आज तिने सरांची नक्कल काढली. गुडघा धरून ती खुर्चीतून उठली. सुटा पट्टा स्टिकमध्ये अडकू नये म्हणून रिकाम्या सीटचा पट्टा बांधतात, तसा खुर्चीचा बांधल्याचा अभिनय केला. मनगट वळवून घड्याळ बघितलं. हवेतल्या दारावर दोन थापा मारल्या आणि सरांच्याच घोगऱ्या आवाजात म्हणाली, “जा. नाक सांभाळ, बाकीचं विमान बघून घेईल.”

मेकॅनिकला ठसका लागला. सर हसले नाहीत.

“घड्याळ कशाला?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही बघितलंत ना, सर. मला वाटलं, तुम्हाला कुठेतरी जायचंय. म्हटलं, आपण पटकन उतरावं.”

सरांनी मेकॅनिकला चहा बाहेर प्यायला पाठवलं. मग ते टेबलावरच्या मसुद्याची कडा नखाने सरळ करत बसले. गुडघे दुखतात तेव्हा माणूस निदान कण्हू तरी शकतो.

“मला कुठेही जायचं नव्हतं,” ते म्हणाले. “अकरा तास चाळीस मिनिटं झाली होती. बारा होऊ द्यायचे नव्हते. तू तयार नव्हतीस, आणि ते मला माहीत होतं.”

ताईचे हात कीबोर्डवर होते, ते तिथेच राहिले. तिने आवाज काढला नाही, ना स्वतःचा, ना दुसऱ्या कुणाचा.

“अजून किती दिवस लागले असते मला?” तिने विचारलं.

“चार. फार तर पाच.”

तिने मालकांचं वाक्य शेवटून एकेक अक्षर खोडलं. मग म्हणाली, “सांगा. हळू सांगा, सगळं आलं पाहिजे.”

सरांनी सांगितलं. बाहेरच्या माणसाची सही का हवी, ते आपल्या घड्याळासकट सांगितलं. तिने टाइप केलं, छापलं, सरांनी सही केली. मालक आठवडाभर सरांशी बोलले नाहीत, आणि बोलले तेव्हाही ‘म्हणजे कसं आहे’च्या पुढे गेले नाहीत.

ताई अजूनही चहाच्या वेळी टॉवरवाल्याची नक्कल काढते, मालकांची काढते. शेजारच्या खोलीत सर कान देऊन बसतात. त्यांचा नंबर काही येत नाही.