किटलीकडे की तोंडाकडे

"हिला बसवा की खुर्चीत. त्यांच्यातलीच हाय. बरोबर रडंल."

दार अर्धं उघडं होतं. मी बाहेर झेरॉक्स मशीनपाशी उभी होते. बोलणारे आबा होते, साहेबांचे पीए. आवाज बारीक करायची त्यांना कधी गरज पडली नव्हती. आत दोघंतिघं हसले. मग साहेब म्हणाले, "बोलवा."

साहेब म्हणजे माझे सीनिअर. आधी वकील, मग आमदार, आता खासदार. आम्ही ज्युनिअर त्यांना सर म्हणायचो. आमदार झाल्यावर आबांनी सगळ्यांना सांगितलं, आता सर न्हाय, साहेब. तेव्हापासून साहेब.

मी आत गेले. दोन ज्युनिअर भिंतीला टेकून उभे होते. आरोपी सोफ्यावर बसला होता, जामिनावर सुटलेला, पाय पसरून. मांडीवर कागदात खारे शेंगदाणे. त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि शेंगदाण्याचं साल फुंकलं.

केस अशी होती. त्याच्या गावात आमच्या समाजातल्या एका बाईनं म्हैस घेतली. डेअरीत दूध घालायला लागली. डेअरीच्या चेअरमनचा मुलगा म्हणजे हा आरोपी. त्याला ते खपलं नाही. एका सकाळी भर रांगेत त्यानं तिची दुधाची किटली ओढली. तिनं सोडली नाही. त्यानं हात पिरगाळला, दूध गटारीत ओतलं आणि रिकामी किटली तिच्या हातावर घातली. हाड मोडलं. रांगेत निम्मं गाव होतं. कुणीच काही बघितलं नाही. साक्षीदार एकच उरला. ती स्वतः.

खासदार झाल्यापासून साहेब क्वचित कोर्टात उभे राहायचे. या केसला उभे राहणार होते. त्या गावची मतं चेअरमनच्या शब्दावर पडतात.

आमच्या चेंबरची एक रीत होती. मोठ्या साक्षीच्या आधी साहेब उलटतपासणीची तालीम घ्यायचे. एखाद्या ज्युनिअरला साक्षीदार करून खुर्चीत बसवायचं आणि प्रश्नांनी सोलून काढायचं. कोल्हापुरात तालीम म्हटलं की कुस्तीची लाल माती डोळ्यांपुढे येते. या तालमीत पडणारा आधीच ठरलेला असायचा.

त्या बाईच्या जागी मी बसले.

"नवरा नांदवत नाही ना तुला?" साहेबांनी सुरुवात केली.

मी ओढणी सावरली.

"उत्तर दे. हो की नाही?"

"हो."

"मग म्हशीला चारा कोण आणून टाकतं? रात्री टाकतं का दिवसा?"

सोफ्यावरून हसू आलं. शेंगदाणे खाली सांडले.

"हो की नाही?" या तीन शब्दांवर साहेबांची सगळी कारकीर्द उभी आहे. तरुणपणी त्यांची उलटतपासणी ऐकायला लॉ कॉलेजची मुलं कोर्टात गर्दी करायची. ते साक्षीदाराला दुसरं काही बोलूच द्यायचे नाहीत. हो की नाही. निवडणुकीला उभे राहिले तेव्हा तीच घोषणा झाली. सभेत ते विचारायचे, "पाणी मिळालं पाहिजे, हो की नाही?" आणि मैदान गरजायचं, "व्हय!" विधानसभेत त्यांनी मंत्र्याला तसंच धरलं. ती चित्रफीत जिल्ह्यातल्या प्रत्येक फोनवर फिरली. मग दिल्ली.

दिल्लीसाठी त्यांना इंग्लिश लागत होतं. म्हणून मी.

मी कोडोलीची. पप्पा वीज कंपनीत वायरमन. आम्ही बौद्ध. वस्तीतून इंग्लिश शाळेच्या बसमध्ये चढणारी मी एकटी होते. तिथल्या मुली मला नावं ठेवायच्या नाहीत. त्या फक्त माझ्या डब्यातलं खायच्या नाहीत. मी कमी बोलायला शिकले आणि जास्त बघायला. पप्पांना वाटायचं, पोरीला इंग्लिश आलं की तिच्याशी कुणी वाकडं बोलणार नाही.

साहेबांच्या चेंबरला मला पप्पांनीच आणलं होतं. आमच्या वस्तीची स्मशानाची वाट गावातल्या एकानं कुंपण घालून अडवली होती. साहेबांनी ती कोर्टातून सोडवून दिली, तीही फी न घेता. माझी आजी त्याच वाटेनं गेली. पप्पांनी त्यांच्या प्रत्येक निवडणुकीत स्वतःच्या मोटरसायकलला झेंडा बांधला. हे खरं आहे. हे विसरून मला काही सांगता येत नाही.

तालमीच्या त्याच आठवड्यात मी साहेबांचं एक भाषण लिहून दिलं होतं. साक्षीदारांच्या संरक्षणावर. साक्षीदार कोर्टात एकटा उभा असतो, त्याच्यामागे देशानं उभं राहिलं पाहिजे, अशा अर्थाचं वाक्य होतं. लोकसभेत बाकं वाजली. चेंबरमधल्या टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं. आबा म्हणाले, "साहेबांचं इंग्लिश म्हंजे लोणी." मी चहाचे कप गोळा करत होते.

आणि आता मी खुर्चीत होते.

"बाई," साहेब पुढे वाकले, "त्यानं किटली ओढली तेव्हा तू किटलीकडं बघत होतीस की मारणाऱ्याच्या तोंडाकडं?"

हा त्यांचा खरा डाव होता. किटलीकडे म्हटलं, तर मारणाऱ्याचं तोंड बघितलं नाही. मग ओळखणार कसं? केस संपली.

"दोन्हीकडं," मी म्हणाले.

"एक डोळा कोल्हापूरला आन् एक जोतिबाला व्हय गं?" आबा म्हणाले. सगळे हसले. भिंतीकडचे ज्युनिअरसुद्धा.

साहेब हसले नाहीत. ते उठले. "करून बघू," म्हणाले. "आबा, आतनं किटली आणा. पाणी भरून."

आबांनी किटली माझ्या मांडीवर ठेवली.

"धर. ती धरल तशी घट्ट धर. लाजू नकोस, कॉन्व्हेंट."

मी धरली. का धरली, हे मला त्या दिवसानंतर बऱ्याच जणांनी विचारलं. सीनिअर सांगतो आणि ज्युनिअर करतो. तीन वर्षं मी तेच केलं होतं.

त्यांनी ओढली. मी सोडली नाही. हे मी ठरवून केलं नाही. हातानं केलं. त्यांनी पुन्हा ओढली. मग माझं मनगट धरलं आणि पिरगाळलं. पाणी माझ्या ओढणीवर, सलवारीवर, खुर्चीवर सांडलं. मी "सर" म्हणाले. जुनं नाव तोंडात आलं. त्यांनी आणखी पिरगाळलं. ओली फांदी मोडते तसा आवाज झाला. आत, कातडीच्या आत. किटली फरशीवर पडली आणि लोळत सोफ्यापर्यंत गेली. आरोपीनं ती पायानं थांबवली.

मी ओरडले नाही. घशातून काहीतरी आलं, जनावराचं येतं तसं.

"बघितलंत?" साहेब मागे वळून ज्युनिअरना म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "हिनं माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही. सगळा जीव किटलीत. त्या बाईचंही हेच झालेलं असणार. लिहून घ्या."

एकानं खरंच वहीत लिहिलं.

माझ्या मनगटाचं काय झालंय, याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. माझ्या मोडलेल्या हाताचा त्यांनी जागच्या जागी पुरावा केला. तोही तिच्याविरुद्ध.

दवाखान्यात आबाच घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं, "बाथरूममदी घसरल्या मॅडम." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. गाडीत आबा म्हणाले, "साहेब लई हळहळले. तुमचं नाव सरकारी वकिलाच्या पॅनलसाठी टाकायला सांगितलंय. गप ऱ्हावा, सोनं व्हईल."

मी गप राहिले. गप राहणं मला येतं.

घरी पप्पांनी प्लास्टर बघितलं आणि माझा चेहरा बघितला. घसरण्याची गोष्ट त्यांनी निम्मीच ऐकली. खरी मी आईला सांगितली, ते दारात उभे राहून ऐकत होते. मग म्हणाले, "सोड बाळा. त्यांनी आपली वाट मोकळी करून दिलीया."

"कुठली वाट?" आई म्हणाली. "मेल्यावर जायाची. जित्यापणी जायाची कोण सोडवणार?"

पप्पा अंगणात जाऊन बसले.

आई माझ्या केसांना तेल लावायला बसली. एका हातानं मला वेणी घालता येत नव्हती. तिनं विचारलं, "किटली आपल्यासारखीच हुती व्हय गं? ॲल्युमिनमची?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. मला आठवेना. स्टीलची की ॲल्युमिनियमची, कडीची की मुठीची, झाकण होतं की नव्हतं. काहीच नाही. किटली माझ्या मांडीवर होती आणि मी ती बघितलीच नव्हती.

मला साहेबांचा चेहरा आठवत होता. सगळा. खालचा ओठ दातात धरलेला. डावी भुवई वर. मिशीत घामाचा एक थेंब. ते चिडलेले नव्हते. चिडले असते तर मला कदाचित समजलं असतं. ते खूश होते. मैदान "व्हय" म्हणून गरजतं तेव्हा असतो, तो चेहरा.

मारणाऱ्याच्या तोंडाकडेच बघितलं जातं. दुसरीकडे नजर जातच नाही. त्या बाईनंही बघितलं असणार. आणि कोर्टात हा माणूस काळा कोट घालून तिला सांगणार होता, की तू बघितलं नाहीस. माझ्या हातावर तपासून घेतलेला प्रश्न तिला विचारणार होता.

आईनं वेणी घट्ट आवळली. मला रडू आलं नाही.

साक्षीच्या आदल्या दिवशी आबांचा फोन आला. "फायनल तालीम हाय, मॅडम. या की. प्लास्टरसकट अगदी तीच बाई वाटशीला."

मी गेले. पप्पांना म्हटलं, गाडी काढा. त्यांनी काढली. झेंड्याची काठी हँडलला अजून तारेनं बांधलेली होती. चेंबरसमोर उतरले तेव्हा ते पकडीनं ती तार तोडत होते.

आत तेच सगळे. दोन कार्यकर्ते जास्त, बघायला आलेले. आरोपी त्याच सोफ्यावर. खुर्ची मधोमध. बाजूला किटली. त्या दिवशी मी ती पहिल्यांदा नीट बघितली. स्टीलची होती.

"बस," साहेब म्हणाले.

मी बसले नाही. त्यांनी घड्याळ बघितलं आणि उभ्या उभ्याच सुरू केलं. दिल्लीची गाडी धरायची असेल.

"बाई, किटली ओढली तेव्हा तुम्ही मारणाऱ्याच्या तोंडाकडं बघत नव्हता. हो की नाही?"

"नाही," मी म्हणाले. "मी तोंडाकडंच बघत होते."

"अगं, तसं नाही म्हणायचं. ती काय म्हणंल ते सांग."

"ती काय म्हणंल ते ती सांगंल. मी माझं सांगतेय."

माझा आवाज कापत होता. पण तो मोठा होता. एवढा मोठा मी तो कधी ऐकला नव्हता.

"मी तुमच्या तोंडाकडं बघत होते, साहेब. खालचा ओठ तुम्ही दातात धरला होता. मी सर म्हणाले, तरी तुम्ही पिरगाळलात. आबा हसत होते. ह्यानं पायानं किटली थांबवली. त्यानं वहीत लिहिलं. त्या बाईच्या केसबद्दल माझं तोंड वकिलीनं बांधलंय, त्यातलं अक्षर मी बाहेर बोलणार नाही. माझ्या हाताबद्दल बांधलेलं नाही. हे वकीलपत्र मी सोडलं, आणि आता इथनं सरळ पोलीस ठाण्यात चाललेय. बाथरूममध्ये कुणी घसरलं नव्हतं, हे डॉक्टरलाही सांगणार हाय. तुम्ही पॅनलवर घ्या, नाहीतर सनद काढून घ्या. मी सांगणारच. कोर्टात पिंजरे दोन असतात, साहेब. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मी उभी राहीन. दुसऱ्यात तुम्हाला उभं केल्याशिवाय मी खाली उतरणार नाही."