साडेपाचचा आवाज

मी २०१५ साली अमेरिकेत वूस्टरला मास्टर्स करायला आले, तेव्हा जवळच्या श्रूजबरीत इला देवस्थळींच्या बेसमेंटमधली खोली भाड्याने घेतली होती. पहाटे पावणेपाचला वर किचनमध्ये पावलं वाजायची, मग गॅरेजचं दार, मग गाडी. काका म्हणजे डॉ. यशोधन देवस्थळी, भूलतज्ज्ञ. पहिल्याच रविवारी त्यांनी मला सांगितलं, "तुझी काकू रोज गावाला उठवायला जाते. आणि मी लोकांना झोपवायला." मला काही कळलं नाही. मग समजलं, की पंचवीस मिनिटांवरच्या एका जुन्या गिरण्यांच्या गावात इलाकाकूंचं स्वतःचं एएम रेडिओ स्टेशन आहे. एकमजली विटांची इमारत, मागे पाणथळ रानात एक टॉवर, आणि नोकरीला सहा माणसं.

हे सगळं सुरू झालं ते कुकरच्या रिंगमुळे. १९८५ साली काकू लग्न होऊन साताऱ्याहून थेट त्या गावात आल्या. काकांची तेव्हा रेसिडेन्सी चालू होती, ते दिवसचे दिवस हॉस्पिटलमध्ये. काकूंना व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती, गाडी येत नव्हती, ओळखीचं कुणी नव्हतं. भाड्याच्या घरात आधीच्या माणसांनी एक रेडिओ सोडला होता. त्यावर ते एकच स्टेशन स्वच्छ लागायचं. सकाळी साडेपाचला नॉर्मन लवॉय नावाचा माणूस सुरू करायचा. तापमान, कुठे रस्ता बंद, कुणाचा कुत्रा हरवला, काल कोण गेलं आणि कुणाचं फ्यूनरल कुठे आहे. नऊ वाजता लोक फोन करून जुन्या वस्तू विकायचे, हव्या त्या मागायचे. काकू म्हणायच्या, "माझं इंग्रजी बी.ए.चं होतं, पण ऐकायचं इंग्रजी नॉर्मनने शिकवलं."

एक दिवस कुकरची रिंग गेली. काकूंनी धीर करून स्टेशनला फोन लावला. नॉर्मनला कुकर कळेना. "तो काय करतो?" त्याने विचारलं. काकूंनी सगळ्या गावाच्या देखत, म्हणजे ऐकत, तोंडाने शिट्टी काढून दाखवली. तीन शिट्ट्या म्हणजे डाळ झाली, हेही सांगितलं. नॉर्मन हसत सुटला. दुसऱ्या दिवसापर्यंत स्टेशनवर लोकांनी अकरा रबरी रिंगा आणून टाकल्या. एकही बसली नाही. पण रिंगा न्यायला काकू तिथे गेल्या, आणि नॉर्मन म्हणाला, "तुझा आवाज चांगला आहे. मंगळवारी ये, हवामान वाच."

तिथून पंचवीस वर्षं. आधी बिनपगारी, मग ग्रीन कार्ड झाल्यावर अर्धवेळ, मग जाहिराती आणणं, मग मॅनेजर. नॉर्मनने त्यांना श्वास कुठे घ्यायचा ते शिकवलं. मेलेल्या माणसाचं नाव वाचताना घाई करायची नाही, हे शिकवलं. गावातल्या पोलिश आणि फ्रेंच आडनावांचे उच्चार पाठ करून घेतले. नॉर्मनने लग्न केलं नव्हतं. काकूंची लेक ऋता लहान असताना शाळेला सुट्टी असली, की स्टुडिओतल्या त्याच्या कोटावर झोपायची.

२०१० साली म्हातारा मालक स्टेशन विकायला निघाला. घेणारे होते ते बाहेरचे, त्यांना टॉवरखालची जमीन हवी होती. काकूंनी रिटायरमेंटसाठी ठेवलेले पैसे काढले. काका दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तू तिथे गेली नाहीस, तर मला घरात कोण राहू देईल?" आणि सही केली.

पहिली चार-पाच वर्षं बरी गेली. मग एकेक जाऊ लागलं. गावाबाहेर मोठं दुकान आलं आणि हार्डवेअरवाला बंद झाला, त्याची रोजची जाहिरात गेली. गावची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. गाड्यांचा डीलर म्हणाला, "इला, माझ्याच शोरूममधल्या नव्या इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये एएम नाहीये. मी कुणासाठी जाहिरात देऊ?" विजेचं बिल मात्र तेवढंच, विमा दरवर्षी जास्त. २०१७ मध्ये काका हार्ट अटॅकने गेले. काकू तेराव्या दिवसानंतर लगेच स्टेशनवर गेल्या. त्यांनी रविवारची वेळ एका ब्राझिलियन चर्चला भाड्याने दिली. बातम्यांची मुलगी गेली, मग हिशेब बघणारी, मग खेळांचं वर्णन करणारा. कोविडमध्ये काकू आणि नॉर्मन दोघांनीच स्टेशन चालवलं. शाळेचे जेवणाचे डबे कुठे मिळतील, लस कुठे, कुणाला औषध आणून हवंय. त्या वर्षी फोन थांबत नव्हता, आणि जाहिरात जवळपास शून्य होती.

२०२२च्या उन्हाळ्यात ट्रान्समीटर जळला. दुरुस्तीत होतं नव्हतं ते गेलं. ऋता आता पश्चिम किनाऱ्यावर बेलव्ह्यूला होती, ती फोनवर ओरडली, "आई, this is not a business anymore. Just stop!" काकूंनी थांबवलं नाही. त्यांनी बाहेरून येणारा तयार कार्यक्रम घेतला, जो फुकट मिळतो आणि कॉम्प्युटरवरून आपोआप चालतो. आणि सप्टेंबरमधल्या एका सकाळी, कार्यक्रम संपल्यावर त्या नॉर्मनच्या स्टुडिओत गेल्या. तो तेव्हा शहात्तर वर्षांचा होता, तिथे एक्केचाळीस वर्षं.

"नॉर्मन, पुढच्या महिन्यापासून मला तुझा पगार देता येणार नाही."

"किती दिवस?"

"दिवस नाहीत. आता बंदच."

त्याने समोरचा हवामानाचा कागद सरळ केला. मग म्हणाला, "उद्या हवामान कोण वाचणार?"

"कॉम्प्युटर."

काकू म्हणाल्या, की आपण एक निरोपाचा कार्यक्रम करू, लोकांना फोन करू दे. तो म्हणाला, "मी लोकांना रोज 'उद्या सकाळी भेटू' म्हणतो. त्यांना आता काय सांगायचं ते मला येत नाही." त्याने स्वतःचे हेडफोन डब्याच्या पिशवीत ठेवले आणि निघून गेला. त्यानंतर त्याने काकूंचा फोन उचलला नाही.

जानेवारीत मोठं वादळ झालं. रात्रीत फूटभर बर्फ. सकाळी साडेपाचला स्टेशनवर कुठल्यातरी उबदार राज्यातला माणूस गोल्फबद्दल बोलत होता. काकू गाडी काढून कशाबशा पोचल्या तेव्हा साडेसात वाजले होते. फोन वाजतच होता. शाळा बंद आहे का, हे कुणी विचारत नव्हतं, ते लोकांनी मोबाइलवर पाहिलं होतं. म्हातारी माणसं विचारत होती, "नॉर्मन बरा आहे ना?" काकूंनी खरं सांगितलं. मार्चपर्यंत तेही फोन थांबले. ज्या दोन-तीन जाहिराती उरल्या होत्या त्या नॉर्मनच्या आवाजासाठी होत्या. फ्यूनरल होमवाल्याने काकूंना तोंडावर सांगितलं, "त्याला काढून तू काय वाचवलंस?"

नोव्हेंबरात काकूंनी स्टेशनचं सरकारी लायसन्स परत करायचं ठरवलं. मास्टर्सनंतर मला वूस्टरमध्येच एका लॅबमध्ये नोकरी लागली होती, आणि मी अजून त्याच बेसमेंटमध्ये राहत होते. त्या आठवड्यात त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून मीच त्यांना नॉर्मनकडे ड्राइव्ह करून नेलं. तो वृद्धांच्या सरकारी घरांमध्ये राहत होता. एक खोली, खिडकीत दोन कुंड्या. त्याने आम्हाला बसायला सांगितलं, कॉफी विचारली. आवाज तसाच होता. तो आवाज एवढ्या लहान खोलीत ऐकताना मला कसंतरी झालं.

"पुढच्या शुक्रवारी दुपारी बंद करतेय," काकू म्हणाल्या. "शेवटचा तास तू कर. मला तेवढं दे."

नॉर्मनने उठून एका कुंडीला पाणी घातलं.

"तू मला कधी विचारलंच नाहीस," तो म्हणाला.

"काय?"

"फुकट येशील का, असं. मला पेन्शन मिळते. खोलीला फारसं भाडं नाही. मला पगार लागत नव्हता, इला. मला सकाळी जायला जागा लागत होती."

काकूंच्या डोळ्यावर ऑपरेशनचा काळा चष्मा होता. तो त्यांनी बोटाने वर सरकवला. "चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाला फुकट ये म्हणायचं? मला लाज वाटली, नॉर्मन."

"आणि येऊ नकोस म्हणायला नाही वाटली?"

तो रागाने बोलला नाही. खरंच विचारावं तसं त्याने विचारलं. काकू पर्स घेऊन उठल्या. जाताना त्याने दारापर्यंत येऊन त्यांचा कोट हातात दिला, आणि शुक्रवारी येणार नाही म्हणाला.

शुक्रवारी मी होते, रविवारच्या चर्चचा पास्टर होता, ट्रान्समीटर बघणारा तंत्रज्ञ होता, आणि ऋता फोनच्या स्क्रीनवर. काकूंनी तासभर गावातल्या त्या सगळ्या लोकांची नावं वाचली, ज्यांनी कधी ना कधी तिथे काम केलं होतं. नॉर्मनचं नाव आलं तेव्हा त्यांना थांबावं लागलं. रेडिओवर इतका वेळ कुणी गप्प राहत नाही. मग त्यांनी पुढची नावं वाचली. तंत्रज्ञाने स्विच बंद केला. कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. पास्टरने प्रार्थना म्हटली.

जमीन विकून देणी फिटली. आता तिथे गोदाम उभं राहतंय. श्रूजबरीचं घरही विकलं. काकू ऋताकडे बेलव्ह्यूला राहायला निघाल्या. लोगन एअरपोर्टवर जाताना काकू म्हणाल्या, "प्रीता, स्टेशन जाणारच होतं गं. ते मला कळत होतं. पण त्याला बरोबर घेऊन बुडायला हवं होतं मी. त्याला आधी बोटीतून ढकललं." मी गाडी टर्मिनलच्या लेनमध्ये घेतली. 

त्यांनी बेलव्ह्यूहून नॉर्मनला पाच पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. मग मला म्हणाल्या, जमेल तेव्हा त्याच्याकडे जाऊन ये. मी महिन्यातून एकदा जाते. आम्ही हवामानाबद्दल बोलतो, माझ्या लॅबबद्दल बोलतो. काकूंचं नाव तो काढत नसे. पत्रं मात्र टेबलावर असत, फोडलेली.

गेल्या महिन्यात मी निघताना त्याने विचारलं, "तिचा डोळा बरा झाला का?"

"झाला."

"मी विचारलं म्हणून सांगू नकोस."

मी संध्याकाळी काकूंना फोन करून सांगितलंच. त्यांनी मला त्याचे शब्द पुन्हा सांगायला लावले.  मग त्यांनी विचारलं, "जेवतो का गं नीट?"

मी म्हटलं, हो, जेवतो.