पाठीला बांधलेला कॅन

दिवाळीच्या सुट्टीत गावी आलो, तर स्टँडवर मीच उभा! पांढऱ्या गणवेशातला माझा फोटो, मागे भलंमोठं जहाज आणि खाली ‘गावचा पहिला दर्यावर्दी’. जहाज लढाईचं, तोफेसकट. मी शिकतोय मरीन इंजिनीअरिंग, म्हणजे मालवाहू जहाजाच्या पोटातली इंजिनं सांभाळायची. पण शिंदखेड्याच्या फ्लेक्सवाल्याला हे कोण सांगणार? आबांनी, माझ्या वडिलांनी, हौसेनं लावलेला फ्लेक्स तो. मला तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

कारण या दर्यावर्दीला पोहता येत नव्हतं. कॉलेजच्या तलावात अख्ख्या वर्गासमोर गटांगळ्या खाल्ल्या आणि सरांनी मला दंडाला धरून बाहेर ओढलं. सुट्टीनंतर पुन्हा परीक्षा. तीही गेली तर जहाजावर पाठवणार नव्हते, म्हणजे शिक्षणच पाण्यात. हे फक्त आईला माहीत होतं. तिचा धाकटा भाऊ तापीत बुडाला, तेव्हापासून तिनं मला नदीच काय, विहिरीकडेही फिरकू दिलं नव्हतं. कॉलेजात शिकवलं असणारच, असं आबा धरून चालले होते.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर सत्कार. शाल, नारळ, फेटा, सगळं यथासांग. शेजारच्या नानांच्या हातात माईक आला की सुटत नाही. “उद्या सकाळी बठ्ठा गाव मळ्याच्या विहिरीवर या! आपला दर्यावर्दी सूर मारून दाखवणार!” टाळ्या पडल्या, आबांची सगळ्यात जोरात. मी मान डोलावली. डोक्यावर फेटा असताना नाही म्हणता येतं का?

तेवढ्यात बायकांतून आई उभी राहिली. “त्याले पव्हता येत नही, नाना. मीच कधी पाण्यामा उतरू दिन्हं नही.”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळा पार हसायला लागला. आबा खाली मान घालून बसले. मी पायातल्या चपलांकडे बघत राहिलो.

घरी आल्यावर फेटा भिरकावला आणि आईवर तुटून पडलो. “गावात लाज काढलीस माझी! मामा बुडाला, त्याची शिक्षा मला का?” ती करंज्या तळत होती. तळतच राहिली. आबा उठून बाहेर गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

सकाळी आईनंच उठवलं. हातात तेलाचा रिकामा कॅन आणि दोर. आमच्याकडे पोरं अशीच पोहायला शिकतात, पण सातव्या-आठव्या वर्षी. मी एवढा घोडा! विहिरीवर खरंच गर्दी होती. आबा आधीच पाण्यात उतरलेले. आईनं माझ्या पाठीला कॅन बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली.

“कॅप्टन आला रे, कॅप्टन!” पोरं खिदळत होती. पायऱ्या उतरताना माझी मान वर होईना. शेवटच्या पायरीवर कसंबसं वर पाहिलं. दोराचं दुसरं टोक काठावर बसलेल्या आईनं मनगटाला गुंडाळून घेतलं होतं. मामा गेल्यापासून ती पाण्याच्या काठी आली नव्हती.

“डरू नको रे, मी बठी शे आठे.”

तिचे डोळे गच्च मिटलेले होते. कालच्या बोलण्याची तेव्हा इतकी लाज वाटली, की पाण्याला भ्यायचं राहूनच गेलं. मी पायरी सोडली.