मागच्या बाईंना दिसू दे

आमच्या नात्यागोत्यातल्या बहुतेक स्वयंपाकघरांतली यंत्रं आत्याने निवडलेली आहेत. कुणाला किती वॅटची मोटर पुरेल, कुणाच्या घरी जादाची भांडी नुसती माळ्यावर पडतील आणि कोण किसायची चकती धुवायच्या कंटाळ्यापायी ती कधीच वापरणार नाही, हे ती माणसाकडे बघून सांगायची. घरगुती उपकरणांच्या एका मोठ्या दुकानात तिने वीस वर्षं डेमो दिले. मधोमध टेबल, टेबलावर फूड प्रोसेसर, शेजारी गाजरं आणि कोबी, आणि मागे एप्रन घातलेली आत्या. आम्ही भाचरं तिला ‘डेमोआत्या’ म्हणायचो आणि ती ते नाव पदक मिळाल्यासारखं मिरवायची.

आणि हिच्या स्वतःच्या ओट्यावर काय? एक सुरी, एक चिरायची फळी आणि एक किसणी. नऊ वर्षांपूर्वी, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली असताना, तिने नोकरी सोडली आणि त्याच आठवड्यात घरातला फूड प्रोसेसर भंगारवाल्याला देऊन टाकला. “एकटीला काय करायचाय?” म्हणाली. ती एकटीच राहते, त्यामुळे खोदून विचारणारंही कुणी नव्हतं.

तिची एक सवय मात्र मला खटकायची. शेजारच्या घरात मिक्सर सुरू झाला की ती हातातलं काम थांबवते. बोलत असेल तर वाक्य अर्ध्यावर सोडते. मोटर बंद होते, तरी ती बोलत नाही. आणखी थोडा वेळ कान देऊन उभी राहते, मग श्वास सोडते आणि वाक्य जिथे टाकलं होतं तिथून उचलते. मी एकदा विचारलं, “कशाची वाट बघतेस गं?” तर म्हणाली, “बंद झाल्यावर कुणी ओरडतं का, ते बघते.” मी भुताखेतांना भीक घालणारी बाई नाही. पण त्या दिवशी मी तिच्याकडे चहासाठी थांबले नाही, काहीतरी निमित्त काढून निघाले.

यंदा माझं उजवं मनगट संपावर गेलं. कचेरीत दिवसभर टायपिंग आणि घरी आल्यावर चिरणं, किसणं, मळणं. डॉक्टरांनी घरचं सगळं बंद करायला सांगितलं. नवऱ्याने मोठ्या मनाने सुरी हातात घेतली. तो कांद्याचे चार तुकडे करतो आणि पाचव्याआधी विश्रांती घेतो. आठ दिवस हा सोहळा बघून मी फूड प्रोसेसर घ्यायचं ठरवलं आणि तडक आत्याकडे गेले.

मला वाटलं होतं, तिची कळी खुलेल. तिने ताकास तूर लागू दिली नाही. “दुकानदाराला विचार. आता नवीन काय काय आलंय, मला काय कळतंय?” मी चिडले. साऱ्या गोतावळ्याला निवडून दिलंस आणि माझ्याच वेळी कानांवर हात का, असं तोंडावर विचारलं. ती माझ्या मनगटावरच्या पट्ट्याकडे बघत राहिली. माझी बोटं तिने एकेक करून बघितली, जशी बाळंतपण झाल्यावर बाळाची बघतात. मग म्हणाली, “येते. पण वॅट नंतर बघायचे. आधी झाकण बघायचं. झाकणाचा खटका ज्यात हाताने दाबता येणार नाही, तोच घ्यायचा.”

शनिवारी दुपारी आम्ही गेलो. तिचं जुनं दुकान नव्हे. ते कधीच बंद पडलं. हे नवीन होतं, दिव्यांनी लखलखणारं. आत्या सुरुवातीला ठीक होती. एकेक भांडं उचलून बघत होती, रबरी कडी ओढून बघत होती, पाती बोट न लावता नुसत्या नजरेने तपासत होती. दोन मॉडेल तिने नाक मुरडून बाजूला सारली. तेवढ्यात पलीकडे डेमो सुरू झाला आणि दहा-बारा माणसं टेबलाभोवती जमली. आम्हीही मागे जाऊन उभ्या राहिलो.

डेमो देणारी मुलगी पंचविशीची, बोलायला चुणचुणीत. तिने भांड्यात गाजरं टाकली, झाकण लावून यंत्र चालवलं. झाकणावर रस उडाला आणि आतलं काही दिसेना. मग तिने झाकण काढून ठेवलं, भांड्याच्या काठावर बोटाने दोनदा टकटक केली आणि म्हणाली, “आपल्याकडे झाकपाक काही नाही. उघड्यावरच बघा.”

ती टकटक आणि ते वाक्य माझ्या ओळखीचं होतं. आत्याची नक्कल करताना आम्ही भाचरं हेच करायचो, डब्यावर दोनदा टकटक आणि पुढे तेच शब्द. ही मुलगी तेव्हा शाळेतही जात नसेल.

फूड प्रोसेसरला एक शहाणपण दिलेलं असतं. झाकण नीट बसून आतला खटका दाबला गेला नाही, तर मोटर चालूच होत नाही. मुलीने चमच्याचा चपटा दांडा भांड्याच्या मुठीतल्या फटीत सरकवला आणि अंगठ्याने दाबला. झाकण नसतानाच पातं गरगरा फिरू लागलं. लोक पुढे वाकले.

तेव्हा आत्या बोलली. मऊ आवाजात, समोरच्या दोघांच्या खांद्यांवर हात ठेवून. “जरा सरका हं. मागच्या बाईंना दिसू दे.”

ते दोघे भले होते. लगेच सरकले आणि वळून बघू लागले. मीही बघितलं. मागे फ्रीजची रांग होती, सगळ्यांची दारं बंद. तिथे कुणीही नव्हतं. आत्या मात्र तिकडे बघत होती, आणि तिची नजर शोधणारी नव्हती. एका ठरावीक उंचीवर, कुणाच्या तरी तोंडावर स्थिरावलेली होती. मी तिचा दंड धरला तर तो गारठलेला होता.

ती माझा हात सोडवून पुढे गेली आणि भिंतीवरचा स्विच बंद केला.

“हे तुला कुणी शिकवलं?”

“आमच्या सीनियर मॅडमनी. का हो?”

“आणि त्यांना?”

“त्यांना त्यांच्या जुन्या दुकानात कुणीतरी. सगळीकडे असंच करतात, मावशी.”

“सगळीकडे करत नव्हते,” आत्या म्हणाली. “हे मी काढलं. माझ्याआधी कुणी करत नव्हतं.” आणि मग लोकांकडे वळून, तिच्या त्या जुन्या, शेवटच्या माणसापर्यंत पोचणाऱ्या आवाजात ती म्हणाली, “माझं बघून एका बाईने घरी असंच केलं. आठव्या दिवशी तिची तीन बोटं गेली. उजव्या हाताची.”

मुलीने हात एप्रनखाली घेतले. लोक पांगले, त्यांना तेवढंच निमित्त पुरलं. व्यवस्थापक येऊन अतिशय गोड शब्दांत आम्हाला दाराची दिशा दाखवू लागला. मागे वळून बघितलं तर मुलगी झाकण पुसत होती, आणि चमचा टेबलावर दिसत नव्हता. तो तिने टाकला की खिशात ठेवला, मला माहीत नाही.

दुकानाच्या पायऱ्यांवर बसून आत्याने उरलेलं सांगितलं. अकरा वर्षांत ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. ती बाई फूड प्रोसेसर घेऊन पैसे भरून झाल्यावर परत टेबलापाशी आली होती. उघडं चालवायचं मला जमेल का, म्हणाली. “मी तिचा हात माझ्या हातात धरला, तिच्या बोटांत चमचा दिला, आणि दाबून दाखवलं. जमलं तेव्हा ती हसली. मी शाबास म्हणाले तिला.”

पुढे कंपनीचा माणूस चौकशीला आला. त्याच्या आधी मालक आत्याजवळ येऊन म्हणाला, “तुम्ही असलं काही दाखवलं नव्हतं ना?” प्रश्नातच उत्तर घालून दिलं होतं. आत्याने मान हलवली. कागदावर लिहिलं गेलं की बाईंनी स्वतःच्या निष्काळजीपणाने यंत्राची सुरक्षा निकामी केली. खाली आत्याची सही.

“ती तीनदा आली,” आत्या म्हणाली. “हाताला पांढरं बँडेज. सगळ्यांच्या मागे उभी राहून पूर्ण डेमो बघायची आणि निघून जायची. तिसऱ्यांदा लोक गेल्यावर पुढे आली. म्हणाली, मी आठवते का तुम्हाला? मी म्हणाले, रोज इतकी माणसं येतात हो.”

“आणि मग?”

“मग ती आली नाही. पण मला दिसायची. रोज, प्रत्येक डेमोला, त्याच जागी. ती नाही हे मला ठाऊक असायचं गं, मी काही वेडी नाही. तरी तोंडातून निघून जायचं, सरका, मागच्या बाईंना दिसू दे. लोक वळून बघायचे. दोन वर्षं काढली तशी. मग मालकच म्हणाला, आता पुरे करा.”

मी तिची समजूत काढायला हवी होती. माझ्याच्याने झाली नाही. मला तिचा राग आला होता, खरा राग, आणि मी तो बोलून दाखवला. “तू खोटी सही केलीस. आणि मग घरी बसून शेजाऱ्यांच्या मिक्सरला घाबरत राहिलीस. त्याने तिचं काय भलं झालं?”

“काही नाही,” ती म्हणाली.

“ती राहते कुठे, माहीत तरी आहे?”

पत्ता तिला तोंडपाठ होता. वॉरंटीचं कार्ड भरून देण्याचं काम डेमोवालीचंच असायचं. त्या इमारतीच्या फाटकापर्यंत ती चारदा जाऊन आली होती आणि चारही वेळा आत जायला पाय उचलला नव्हता. मी रिक्षा थांबवली. ती ना हो म्हणाली ना नाही, बसली.

दुसरा मजला. बेल मी दाबली. दार डाव्या हाताने उघडलं गेलं. पन्नाशीची, सडपातळ बाई. उजवा हात टॉवेलमध्ये गुंडाळलेला, तो तिने तसाच राहू दिला. आत्याकडे बघताच तिला कळलं. तिच्या चेहऱ्यावर ना राग होता ना आश्चर्य, आणि खरं सांगते, मला त्याचीच भीती वाटली.

आत्या उंबऱ्याबाहेरच बोलू लागली. “मीच तुम्हाला... तुमचा हात धरून मी...”

“मला नका सांगू,” बाई म्हणाली. “मला माहीत आहे. मी होते तिथे.”

तिने आम्हाला आत घेतलं आणि हाक मारली. नवरा चष्मा पुसत बाहेर आला. या बाई दुकानातल्या, एवढंच तिने त्याला सांगितलं आणि आत्याकडे मान वळवली. आत्याने सांगितलं. चमचा, फट, अंगठा, तिच्या हातावरचा आपला हात, मालकाचा प्रश्न, सही. ती एकदाही थांबली नाही आणि स्वतःची बाजू म्हणून एक शब्द बोलली नाही. मी तिच्या शेजारी बसून तिच्या पाठीवर हात ठेवला होता, तो मी काढला नाही.

नवऱ्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. “जाऊ द्या हो,” तो म्हणाला. “झालं ते झालं. आम्ही हिला कधी एका शब्दाने बोललो नाही.”

“नाही बोलले,” बाई म्हणाली. “अकरा वर्षांत एकदाही नाही. निष्काळजी बाई म्हणून नुसती हातातली सुरी काढून घेतात. कढई उतरवू देत नाहीत. कुलूप लावलं की मागून येऊन परत ओढून बघतात. सून म्हणते, आई, तुम्ही राहू द्या. तिचं बाळ चार महिन्यांचं झालं, अजून कुणी माझ्या हातात दिलेलं नाही.”

आतल्या खोलीत बाळ कुरकुरलं आणि कुणीतरी त्याला थोपटून गप्प केलं. आत्या उठायला लागली. तिला वाटलं झालं. मलाही तेच वाटलं.

“बसा,” बाई म्हणाली आणि तिने सुनेला हाक मारली.

सून बाळाला खांद्यावर घेऊन दारात येऊन उभी राहिली. कोण आलंय, काय चाललंय, तिला काही कळेना. बाईने टॉवेल सोडून बाजूला ठेवला आणि तो हात मांडीवर उघडा ठेवला.

“हिने अजून ऐकलेलं नाही,” ती आत्याला म्हणाली. “पहिल्यापासून सांगा.”

आणि आत्याने पहिल्यापासून सांगितलं.